भाड्याचे घर आणि रोजचे धुणे

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र समोर आहे. यजमान दीड वर्षापासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. घर भाड्याचे, करार 11 महिन्यांचा. त्यांचे स्वतःचे वय 67. रोजच्या दोन-तीन चादरी त्या हाताने धुतात. मुलगी वॉशिंग मशीन घ्या म्हणते. ‘दर वर्षी बिऱ्हाड हलवायचे, त्यात हे धूड कशाला?’ असे त्यांचे म्हणणे.

भगिनी, प्रश्न आपण मशीनचा विचारला आहे. आम्हांस तो आपल्या खांद्यांचा वाटतो. सुती कापड स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी धरते. अशी भिजलेली चादर मोरीत उकिडवे बसून उचलायची आणि पिळायची, तर मनगट, कंबर व गुडघे यांवर एकदमच भार येतो. शिवाय साबणाने निसरडी झालेली फरशी. उद्या आपल्याच खुब्याचे हाड मोडले, तर यजमानांचे कोण करणार? किमतीचा हिशेब मांडताना हेही जमेस धरावे.

तेव्हा मशीन घ्यावे. कोणते, ते मात्र घर पाहून ठरवावे. पाणी दिवसातून तासभरच येत असेल, तर सेमी-ऑटोमॅटिक सोयीचे. त्यात बादलीने पाणी भरता येते, ते वजनाला हलके असते आणि नव्या घरी नळाची स्वतंत्र जोडणी लागत नाही. पण धुतलेले ओले कपडे एका टाकीतून दुसरीत आपल्यालाच उचलून टाकावे लागतात, आणि दुखऱ्या खांद्याला नेमके तेच नको असते. समोरून उघडणाऱ्या मशीनला पाणी कमी लागते, पाणी तापवण्याचीही सोय बहुधा असते; परंतु ते फार जड, आणि घर बदलताना त्याच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट पुन्हा बसवावे लागतात. हे बोल्ट बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी भंगारात जातात! पाणी पुरेसे असल्यास आमचा कौल वरून उघडणाऱ्या फुली-ऑटोमॅटिकला. मात्र उंची बेताची असेल तर हात तळापर्यंत पोहोचतो की नाही, हे दुकानातच घालून पाहावे. विक्रेता हसला तरी हरकत नाही.

घरमालकांशी आधी बोलावे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. नळाची जोडणी, सांडपाण्याची वाट, अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्यांचा खर्च कोणाचा, हे त्यातच लिहून घ्यावे. तोंडी दिलेला होकार अनामत परत करतेवेळी कोणाला आठवत नाही.

रुग्णाच्या कपड्यांविषयी दोन गोष्टी. मळलेली चादर तशीच मशीनमध्ये टाकू नये. हातमोजे घालून आधी घाण काढावी, आणि हे कपडे घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. अंथरुणावरची रबरी चादर मशीनमध्ये मुळीच घालू नये. तिच्यात पाणी अडकून राहते व पिळताना मशीनचा तोल जातो. ती साबणाच्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी.

एवढ्यावरही मन कचरत असेल, तर मोठ्या शहरांत मशीन दरमहा भाड्यानेही मिळते. दोन-तीन महिने वापरून पाहावे. मुलीला मात्र होकार आजच कळवावा. पावसाळा तोंडावर आला आहे, आणि हाताने पिळलेल्या चादरी त्या दिवसांत दोन-दोन दिवस वाळत नाहीत.