बुडीचे दुकान

दुकान काढण्याआधी जागा पाहावी, असे व्यापारी सांगतात. किराण्याचे दुकान चौकात असावे, औषधांचे दवाखान्याशेजारी, वह्या-पुस्तकांचे शाळेच्या वाटेवर. ह्यात वाद नाही. पण समुद्रात बुडी मारायला शिकवण्याचे दुकान कुठे काढावे? हा प्रश्न आमच्या वऱ्हाडात कुणी विचारील, असे वाटले नव्हते. समुद्राशी आमचे नाते एवढेच की, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते!

तरी प्रश्न आला, आणि तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने आणला. हा अकोल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे केंद्र आहे. तिथे तो शिकला, मालवणात दोन हंगाम राबला, शिकवण्याचा परवाना मिळवला. आता स्वतःचे दुकान हवे. मालवणात गाळा घ्यायचा तर घरच्या सात एकरांतले चार विकावे लागणार. वडील त्यालाही तयार. मला म्हणाले, “समिंदर मालवणात हाये सर, मंग दुकान काय अकोल्यात टाकाव?”

म्हणणे बिनतोड वाटते. पण चार एकर काळी जमीन एकदा गेली की परत येत नाही. म्हणून मी मुलाची उलटतपासणी घेतली.

मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, प्रवाळ आणि मासे पाहायला माणसे जातात. त्यांना नेणाऱ्यांची दुकाने दांडी, चिवला, तारकर्ली इथल्या किनाऱ्यांवर आहेतच. ती बहुतेक तिथल्याच माणसांची. खडक कुठे, ओढ कुठे, कोणत्या वाऱ्याला पाणी गढूळ होते, हे ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ठाऊक, त्यांच्याशी वऱ्हाडातल्या पोराने किनाऱ्यावर स्पर्धा करायची! शिवाय पावसाळ्यात समुद्र खवळला की काम बंद. गाळ्यात घातलेला पैसा मात्र तसाच अडकून.

दुसरी गोष्ट कळली ती अधिक महत्त्वाची. किनाऱ्यावरचे हौशी गिऱ्हाईक शिक्षकाचा हात धरून थोडा वेळ खाली जाते, फोटो काढते आणि घरी येते. ज्याला ही विद्या खरोखर शिकायची, त्याचा आरंभ समुद्रात होत नाही. आधी वर्गातले पाठ, मग पोहण्याचा तलाव आणि शेवटी समुद्र. तोंडाने श्वास घेणे, चष्म्यात शिरलेले पाणी काढणे, कानांवरचा दाब सारखा करणे, हे सारे तलावात घोटून घ्यायचे. दहा मीटर खाली एकूण दाब वरच्या दुप्पट होतो. तिथून श्वास कोंडून वर येणाऱ्याची फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून पहिला धडा एकच, श्वास कोंडू नये. हा धडा मालवणात जसा कळेल तसाच अमरावतीत कळेल. कूस्तो आणि गान्याँ ह्या फ्रेंचांनी १९४३ साली आपले श्वसनयंत्र प्रथम पाजळले तेही पॅरिसजवळच्या मार्न नदीत, समुद्रात नव्हे.

तेव्हा माझे मत असे पडले: दुकान अमरावतीत काढावे, पोहण्याच्या तलावाजवळ, एक खोली भाड्याने घेऊन. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने ज्या गावाला अंगमेहनतीची गोडी लावली, जिथे कॉलेजची शेकडो पोरे आहेत, तिथे शिकणारे मिळतील. पावसाळ्यात तलावातले धडे. दिवाळीनंतर बडनेऱ्याहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे मालवण. नाव तिथल्याच कोळ्याची घ्यावी. म्हणजे स्पर्धा मिटते आणि त्याचे ज्ञानही पाठीशी राहते.

आणखी एक कारण आहे, आणि मला तेच मोठे वाटते. गणपती विसर्जनाला आमच्याकडे तरणी पोरे बुडतात. नद्या, धरणे, विहिरी आहेत; पोहणे मात्र थोड्यांना येते. समुद्राचा तळ पाहण्याआधी ह्या पोरांना पाण्यावर तरंगता आले पाहिजे.

वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे बुडाले शिकवाचं, पन बुडू द्याचं नाई!”

दुकान चालेल की नाही, हे लक्ष्मीला ठाऊक. चार एकर मात्र घरात राहिले आहेत. पाडव्याला पाटी लागते आहे. तीवर मासोळ्यांचे चित्र आहे आणि खाली लिहिले आहे: ‘प्रथम पोहणे शिकविले जाईल.’