बाळाचे निजावयाचे मऊ कपडे

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण भिवंडींत अक्षरशः खरी ठरते. थंडी सरली कीं, घरांतील निजावयाचे मऊ, लवदार कपडे आणि बाळाचीं फ्लॅनेलचीं झबलीं-टोपडीं ट्रंकेंत जातात. तीं पुढच्या थंडीपर्यंत किंवा पुढच्या बाळंतपणापर्यंत तेथेंच राहतात. थोरल्या जावेच्या मुलाचें झबलें धाकटीच्या मुलास घालावें, ही एकत्र कुटुंबांतील रीत चांगली आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्या कपड्यांत टाकल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्यांविषयीं.

या गोळ्यांची येथें मुळांत गरजच नाहीं. कसरीची अळी लोकर व रेशीम खाते. स्वच्छ सुती किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर तिचें पोट भरत नाहीं. आपलीं झबलीं बहुधा सुतीच असतात. त्यांचा खरा शत्रु म्हणजे पावसाळ्याची ओल, आणि कपड्यांत राहिलेलें दूध, तेल व खळ. ओलीनें बुरशी धरते, खळीला किडा लागतो.

उलट गोळ्यांतील नॅफ्थॅलीनची वाफ कपड्यांत मुरते. कांहीं मुलांच्या रक्तांत जी-६-पीडी नांवाचें द्रव्य जन्मतःच कमी असतें. या उणिवेचा शोध १९५६ सालीं लागला. अशा मुलांच्या तांबड्या पेशी नॅफ्थॅलीननें फुटतात व मूल पिवळें पडतें. १९६३ सालीं ग्रीसमधील डॉक्टरांनी नॅफ्थॅलीनची बाधा झालेल्या २१ अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील कांहीं दगावलीं. हें द्रव्य तेलांत विरघळतें, म्हणून तेल लावलेल्या अंगावर असा कपडा घालणें अधिकच घातक.

तेव्हां धुण्याकडेच लक्ष द्यावें. कपडे उलटे करून कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावे. धोपटूं नयेत, पिळूं नयेत; दाबून पाणी काढावें. साबणाचा अंश जाईपर्यंत खळबळावे, पण खळ देऊं नये. वाऱ्यावर सावलींत वाळवून झटकावे आणि मऊ ब्रशानें लव उभी करावी. पॉलिएस्टरच्या लवेवर कडक इस्त्री फिरवूं नये. ती वितळून चिकटते. शिवणी व काठ पूर्ण वाळले आहेत, हें हातानें पाहावें. मग जुन्या धुतलेल्या धोतरांत गुंडाळून कपडे ठेवावे. हवी तर कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याची पुरचुंडी बाहेरच्या बाजूस असावी. श्रावणांत ऊन पडलें कीं, एकदां ट्रंक उघडून कपड्यांस वारा द्यावा.

ज्या कपड्यांत गोळ्या आधींच पडल्या आहेत, ते पुन्हा धुवून कांहीं दिवस उघड्या हवेंत टांगावे. तरीही वास राहिला, तर ते नवजात बाळास घालूं नयेत. मोठ्यांच्या उपयोगास लावावे. घरांतील वडील मंडळींस गोळ्या टाकण्याची सवय असते. त्यांस हें कारण नीट समजावून सांगितलें, तर नातवंडासाठीं त्या तें खचित मानतील.

बाळाचे डोळे किंवा अंग पिवळें दिसलें, लघवी गडद झाली, बाळ फिकें पडलें किंवा दूध ओढीना, तर घरगुती उपायांत वेळ न घालवितां तात्काळ डॉक्टरांकडे न्यावें. आणि कपडे गोळ्यांत ठेवलेले होते, हेंही आठवणीनें सांगावें. तें विचारलें जाईलच असें नाहीं.