खूणगाठ

सौम्य स्मृतिदोष म्हणजे म्हातारचळ नव्हे. माणूस धान पाखडतो, चूल पेटवतो, बाजारात हिशेब चोख करतो. फक्त काल ठरलेलं आज निसटतं आणि घेतलेली गोळी पुन्हा घेतली जाते. सगळेच पुढे डिमेन्शियाकडे जातात असं नाही. काही तिथेच थांबतात, काही सुधारतातही. म्हणून आधी बी-१२, थायरॉइड, कान आणि उदासी तपासून घ्यावी लागते.

चंद्रपूर-गडचिरोलीत स्मृतीची तपासणीच अडते. घड्याळाचं चित्र काढा, वाक्य लिहा, असं सांगणाऱ्या चाचणीत शाळा न पाहिलेली आजी नापास होणारच. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांसाठी १९९०च्या दशकात अक्षरओळख नसलेल्यांना चालेल अशी हिंदी चाचणी बेतली गेली. पण इथल्या माडिया बोली बोलणाऱ्या आदिवासी बाईला मराठीतून किंवा हिंदीतून विचारलं, तर तो भाषेचाच पेपर होतो.

आठवणीच्या साधनांचंही तसंच. सात खणांच्या गोळ्यांच्या डबीवर बहुधा इंग्रजी आद्याक्षरं असतात, त्यातही मंगळवार-गुरुवारचं अक्षर एकच! त्यापेक्षा आठवडी बाजाराच्या दिवसाच्या खणाला लाल दोरा बांधावा. तिथून पुढचे दिवस मोजता येतात. रंगाची खूण या भागाला नवी नाही. मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं वयोगटाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची असतात, आणि आशाताई ती रंगावरूनही ओळखतात.

पदराला गाठ मारण्याची रीत जुनी. खूणगाठ हा शब्दच तिच्यातून आला. तिची खोट एवढीच, की काहीतरी आठवायचं आहे हे ती सांगते, काय ते सांगत नाही. म्हणून खूण कामाच्या जागीच हवी. सकाळच्या गोळीची पुडी चहाच्या कपात ठेवली, की कप उचलताना ती हाती लागतेच. मोबाइलच्या गजराला नेटवर्क लागत नाही. बऱ्याच फोनांवर त्यात नातवाच्या आवाजात, घरच्या बोलीत निरोप भरता येतो.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांचं मात्र वेगळं. वाघाच्या रानात वाट चुकणं परवडत नाही. तिथे खुणेपेक्षा सोबत बरी.

नवी सवय लावताना चुकू देऊन शिकवू नये. उत्तर आधी सांगावं, थोड्या वेळाने विचारावं, मग अंतर वाढवत न्यावं. डबी भरायचं काम घरातल्या एकाचंच असावं, आणि तेही बाजाराच्याच दिवशी.