पाचटाची राख शरीरात कुठवर जाते?



येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याने वसमत भागात ऊस वाढला. तोड झाली की पाचटाला काडी लावायची सवयही त्याच्यासंगं रुजली. 'राखेनं काय होतंय?' असं आपण म्हणतो. त्या राखेविषयी जी माहिती आता पुढे आली आहे, ती सभासदांपुढे मांडणे जरूर वाटते.

ऊस जमिनीतली सिलिका उचलून पानात साठवतो. पात्याची धार हाताला कापते ती तिच्यामुळेच. पाचट जळाले की तिचे अतिसूक्ष्म कण धुरात आणि राखेत मोकळे होतात. कण साधारण 200 नॅनोमीटरचा; असे चारशे शेजारी मांडावेत तेव्हा डोक्याच्या एका केसाची जाडी भरते. तोंडाला बांधलेल्या रुमालाने तो कुठला अडणार! एवढा बारीक कण शरीरातली जिवंत पेशी आपणहून आत ओढून घेते.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर उसाची राख व तिच्यातले सिलिकाकण टाकून पाहिले. 2023 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पेशीत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा त्याने बिघडते. हे प्रयोगशाळेतल्या भांड्यातले झाले. माणसाच्या अंगात तसेच होते, असे छातीठोक सांगता येत नाही. मात्र निकारागुआ, एल साल्वादोर इकडे ऐन उमेदीतले ऊसमजूर मूत्रपिंड निकामी होऊन दगावले आहेत. उन्हातले कष्ट आणि पाण्याची तूट हे मोठे कारण मानतात. राखेवरही संशय आहे. आपल्या टोळीवाल्याला ऊन, तहान आणि राख तिन्ही एकाच फडात भेटतात. पुरावा पक्का होईस्तोवर काडी लावत बसावे, हे मला पटत नाही.

हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत कुजवले तर खोडव्याला खत होते, ओल टिकते. हे सर्वांना ठाऊक आहे.

खरी अडचण जळिताची. टोळी वेळेवर येत नाही. जळालेल्या उसाला मात्र आधी तोड मिळते. म्हणून काही जण उभा फड मुद्दाम पेटवतात. कपात सभासद सोसतो. राख छातीत घेतात त्या टोळीतल्या बाया अन् फडाच्या कडेला निजलेली लेकरं. दोष एकट्या सभासदाचा नाही. तोडीचा क्रम लागणीच्या नोंदीप्रमाणे काटेकोर पाळावा. विजेच्या तारेने जळालेल्या उसाला पंचनामा पाहून अग्रक्रम द्यावा, पेटवलेल्याला देऊ नये. हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा, अशी संचालक मंडळास विनंती आहे.