एकच धर्म, एकच कायदा, दोन देश

मुस्लिमबहुल देशांच्या आर्थिक स्थितीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वकील उभे राहतात. पहिला म्हणतो, इस्लाम हाच प्रगतीतला अडसर आहे. व्याज हराम, बाई पडद्यात, शिक्षण मदरशात, मग कारखाने निघणार कुठून? दुसरा म्हणतो, खरा इस्लाम अजून कुठे अमलात आलाच नाही. जकात हे सक्तीचे धर्मदान आणि बिनव्याजी बँक आली की दारिद्र्य उरणार नाही. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण देशाचे भवितव्य धर्मग्रंथ ठरवतो यावर दोघांचे एकमत आहे. माझा आक्षेप त्या एकमताला आहे.

पहिल्याचा पूर्वपक्ष आधी घेऊ, कारण तो जास्त खपतो. पाकिस्तान आणि बांगलादेश 1971 पर्यंत एकच देश होते. 1961 च्या जनगणनेत पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सुमारे 5 कोटी 8 लाख लोक होते, पश्चिमेत 4 कोटी 29 लाख. पूर्वेच्या वाट्याला चक्रीवादळ, युद्ध आणि पाठोपाठ 1974 चा दुष्काळ आला. तेव्हा दोन्हीकडे बाईमागे सहाच्या वर मुले होत. आता बांगलादेशची लोकसंख्या 17 कोटींच्या आसपास आहे, तर 2023 च्या जनगणनेत पाकिस्तानची 24 कोटी 15 लाख भरली. बांगलादेशात जननदर दोनच्या जवळ आहे, पाकिस्तानात साडेतीनच्या. बांगलादेशी माणूस सरासरीने काही वर्षे अधिक जगतो, आणि दरडोई उत्पन्नातही त्या देशाने गेल्या दशकात पाकिस्तानला मागे टाकले.

यावर ठरलेले उत्तर येते, की बांगलादेश सेक्युलर म्हणून तरला. तिथले दहापैकी नऊ लोक मुसलमान आहेत आणि 1988 पासून इस्लाम हा तिथला राज्यधर्म आहे. मुस्लिम कुटुंबकायदासुद्धा दोन्ही देशांना सामाईक आहे, पाकिस्तानचे लष्करी शासक अयूब खान यांनी 1961 मध्ये काढलेल्या वटहुकमाचा. म्हणजे धर्म तोच आणि कायद्याचा पायाही तोच.

मग फरक कशाने पडला? बांगलादेशने पडद्याशी लढाई आरंभली नाही, पडद्याला वळसा घातला. बायका दवाखान्यात येऊ शकत नसतील तर दवाखान्याने त्यांच्याकडे जावे, असे ठरवून सरकारने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावातल्याच शिकलेल्या तरुणी कुटुंबनियोजनाच्या कामावर नेमल्या. गोळ्या घरपोच गेल्या. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या 1980 पासून दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि त्यांनी आयांना जुलाबावरचा घरगुती उपाय शिकवला. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारीला पैसे मिळत ते आईच्या ध्यानात किती राहिले हे तपासून. आपल्याकडच्या कित्येक योजनांना ही एक अट लावली तरी बराच फरक पडेल!

पुढे 1994 मध्ये ग्रामीण मुलींसाठी माध्यमिक शाळेचे विद्यावेतन सुरू झाले. 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण आणि तोवर लग्न न होणे, एवढ्याच अटी. हे विद्यावेतन मान्यताप्राप्त मदरशांतल्या मुलींनाही होते. परिणामी एके काळी फक्त मुलांचे असलेले, सरकारमान्य आलिया मदरसे मुलींनी भरले. आज तिथल्या विद्यार्थ्यांत सुमारे निम्म्या मुली आहेत. ज्या मदरशाकडे बोट दाखवून पहिला वकील आपला युक्तिवाद संपवतो, त्याचेच दार सरकारी पैशाने उघडले. याच पिढीतल्या मुली पुढे शिलाई कारखान्यांत गेल्या. त्या उद्योगाची सुरुवात म्हणजे ‘देश गारमेंट्स’ने 1979 मध्ये प्रशिक्षणासाठी दक्षिण कोरियात धाडलेले 130 कामगार.

मौलवींनी विरोध केला नाही असे नाही. 1993-94 मध्ये ब्रॅकच्या शाळा जाळल्या गेल्या, फतवे निघाले. पण काम थांबले नाही. बालविवाह मात्र अजून फार आहेत, हेही सांगितले पाहिजे. तिकडे पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांच्या सरकारने कुटुंबनियोजन मागे सारले. सत्ता लष्कर आणि जमीनदार यांच्या हाती राहिली, आणि गावातल्या मुलीच्या शाळेवर खर्च करण्यात दोघांनाही रस नव्हता.

कुणाला हा उपखंडाचा अपवाद वाटत असेल तर त्याने इराण पाहावा. तिथे तर राज्यच मौलवींचे. 1989 मध्ये त्यांनी कुटुंबनियोजन पुन्हा सुरू केले, 1993 मध्ये चौथ्या मुलाच्या सवलती कायद्याने काढल्या, आणि सहाच्या वर असलेला जननदर 2000 च्या सुमारास दोनवर आला. त्याच राज्याने 2021 मध्ये उलटा, लोकसंख्या वाढवण्याचा कायदा केला. कुराणाची प्रत दोन्ही वेळा तीच होती.

पहिल्या पक्षाकडे एक गंभीर मांडणीही आहे, तिला उत्तर देणे भाग आहे. तिमूर कुरान या तुर्की-अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवले, की मध्यपूर्व मागे पडला तो व्यापाराचा तिटकारा असल्यामुळे नव्हे. पैगंबर स्वतः व्यापारी, त्यांच्या पत्नी हजरत खदीजा व्यापारी. अडचण कायद्याच्या घडणीत होती. भागीदार मेला की भागीदारी मोडे; वारसाहक्काने भांडवलाचे तुकडे होत; वक्फची, म्हणजे धर्मादाय दान केलेली, मिळकत संस्थापकाने घातलेल्या अटींत कायमची अडके. कंपनी नावाची, माणसांपेक्षा जास्त जगणारी कायदेशीर व्यक्ती तिथे घडली नाही. मला हे बहुतांशी पटते. पण त्यातून निघतो तो दोष कायद्याचा, आणि कायदा बदलता येतो. ऑटोमन साम्राज्याने 1850 मध्ये फ्रेंच धर्तीची व्यापारसंहिता स्वीकारली. त्याआधी सोळाव्या शतकात, रोकड व्याजाने लावणारे वक्फ योग्य की अयोग्य असा वाद पेटला, तेव्हा ऑटोमन सुलतान सुलेमानचे शेख-उल-इस्लाम, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, एबुस्सूद यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. धर्मपंडितांनाही हिशेब कळतो.

आता दुसरा वकील. त्याचे म्हणणे अमलात आणून पाहिले गेले आहे. झिया यांनी 1980 मध्ये जकात सरकारी केली. रमजानच्या पहिल्या तारखेला बँकेतल्या बचतीतून अडीच टक्के कापले जाऊ लागले. शिया पंथीयांनी इस्लामाबादेत निदर्शने करून सूट मिळवली, आणि बाकीचे बरेचजण रमजान उगवायच्या आत पैसे काढून घेऊ लागले. गरिबी हटली नाही. इस्लामी बँकांचेही तेच. नफा-तोट्यात भागीदारी हे त्यांचे तत्त्व. प्रत्यक्षात मोठा धंदा मुराबाहाचा, म्हणजे बँकेने वस्तू विकत घेऊन ठरलेला नफा चढवून हप्त्यांनी विकायची. गिऱ्हाइकाच्या खिशावर कर्जाइतकाच भार पडतो. आखाती श्रीमंतीचा दाखला कुणी देऊ नये. तेल नॉर्वेतही निघाले.

तरीही धर्म विकासाच्या हिशेबातून वजा करा असे मी म्हणणार नाही. मलेशियात गरीब शेतकरी हजसाठी जमीन-जनावरे विकत, पैसा घरात दडवून ठेवत आणि परतल्यावर कंगाल होत. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी 1959 मध्ये यावर बचतसंस्थेची योजना मांडली. 1963 मध्ये ती सुरू झाली तेव्हा ठेवीदार होते 1281. तिचेच आजचे रूप असलेल्या ताबुंग हाजीकडे सुमारे 90 लाख ठेवीदार आहेत. बँकेच्या व्याजाला जो हात लावायचा नाही तो मलय शेतकरी या वाटेने संघटित बचतीत आला. त्याचा पैसा मळ्यांत नि उद्योगांत लागला. श्रद्धेतून भांडवल उभे राहते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. पण याच संस्थेची मालमत्ता देण्यांपेक्षा कमी भरत असल्याचे सरकारने 2018 मध्ये जाहीर केले, आणि तिला सावरण्यासाठी सरकारी कंपनी काढावी लागली. राजकीय वशिल्याच्या नेमणुका आणि फसलेली गुंतवणूक पुण्याईने भरून निघत नाही.

म्हणून प्रश्न कायद्याचे कलम आणि संस्थेचे नाव घेऊन विचारावा. समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा त्यांची मागणी कायद्याची होती. तोंडी तलाकला लगाम घालणारी नोटिशीची आणि 90 दिवसांची अट अयूब खान यांच्या वटहुकमात पाच वर्षे आधीच आलेली होती. भारतात तिहेरी तलाक रद्द ठरायला 2017 उजाडले. पण त्या वटहुकमानेही लेकीच्या निम्म्या वारसाहक्काला हात लावला नाही. बांगलादेशच्या महिला सुधारणा आयोगाने 2025 मध्ये समान वाट्याची शिफारस केली, तर 3 मे रोजी हेफाजत-ए-इस्लाम या धार्मिक संघटनेने ढाक्यात प्रचंड सभा भरवून आयोगच बरखास्त करा अशी मागणी केली. हा धर्माच्या नावाने उभा केलेला खरा अडथळा आहे आणि त्यावर तुटून पडलेच पाहिजे. तुटून पडताना एवढे लक्षात असावे, की वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि देशाने 2005 मध्ये.