काखेंत कळसा

‘काखेंत कळसा आणि गांवाला वळसा’ ही म्हण मीं ३६ वर्षें मुलांना शिकविली. तिचा खरा अर्थ मात्र मला निवृत्तीनंतर, वयाच्या ६३ व्या वर्षीं, माझ्याच घराच्या ओसरीवर कळला. ती हकीकत सांगावयास संकोच वाटतो. परंतु आपल्या घरांतून या विषयाचा उच्चारच होत नाहीं, म्हणून संकोच बाजूस ठेवून लिहितों.

तीन वर्षांपूर्वीं माझी सहधर्मचारिणी निवर्तली. आमचें कुटुंब एकत्र. येथें नेरास जुन्या घरांत अकरा माणसें एका स्वयंपाकाला जेवतात. दिवसकार्य यथासांग झालें, पाहुणे परतले, आणि त्यानंतर माझ्या मनास हळूहळू एक प्रकारची बधिरता आली. पहांटे तीन वाजतां जाग येई, ती पुन्हां डोळा लागूं देत नसे. जेवणाची रुचि गेली. नातवाला ‘रघुवंश’ शिकवावयास घेतलें होतें, तें दुसऱ्या सर्गावरच थांबलें. देवापुढें बसावें, तों मनांत एकच विचार यावा कीं, आतां आपलें येथें काम काय? कोणीं विचारलेंच, तर ‘वय झालें’ असें उत्तर देऊन मी मोकळा होत असें. जन्मभर दुसऱ्यांस धीर देणाऱ्यानें आतां स्वतः धीर मागावा कसा, हा अभिमान आड येत होता. घरच्यांनाही वाटलें कीं हें दुःख आहे, कालांतरानें ओसरेल. पुढें माझें वजन उतरलें, तेव्हां थोरल्या चिरंजीवांनीं मला पुण्यास मोठ्या वैद्यांकडे नेण्याचा बेत केला.

मदत मात्र पुण्याहून आली नाहीं. ती दोन घरें पलीकडून आली. केंद्र सरकारचें ग्रामीण आरोग्य अभियान २००५ सालीं सुरू झालें. त्यांत साधारणतः हजार वस्तीमागें एक याप्रमाणें ‘आशा’ नेमण्यांत आल्या. ही त्याच वस्तींतली लेक किंवा सून असते. आमच्या भागांतील आशाताई माझीच जुनी विद्यार्थिनी. ती घरोघर भरावयाचा आरोग्याचा तक्ता घेऊन आली होती. रक्तदाब, मधुमेह यांविषयीं विचारून झाल्यावर तिनें दोन प्रश्न विचारले : गेल्या पंधरवड्यांत कशांतही गोडी वाटेनाशी झाली आहे काय? मन उदास, निराश राहतें काय? मीं सवयीनें ‘नाहीं’ म्हटलें. तिनें लेखणी खालीं ठेविली आणि म्हणाली, “गुरुजी, मी तुमच्याच हाताखालीं शिकली. मले खोटं नका सांगू.”

त्या एका वाक्यानें बांध फुटला. अर्धा तास मी बोलत होतों. ती ऐकत होती. तिनें उपदेश केला नाहीं, ‘मन घट्ट करा’ असेंही म्हटलें नाहीं. जिवाचें कांहीं बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय, हेंही तिनें स्पष्ट विचारलें. आणि असें विचारल्यानें मनाला भलती दिशा लागत नाहीं, उलट भार हलका होतो, हें मीं अनुभविलें. दुसऱ्या दिवशीं ती व आमची सूनबाई मला सरकारी रुग्णालयांत घेऊन गेल्या. हा नैराश्याचा आजार आहे, तो बरा होतो, असें डॉक्टरांनीं सांगितलें. औषध व बोलणें यांनीं चार महिन्यांत झोप परतली, आणि दिलीप राजा नंदिनीच्या मागें पुन्हां चालूं लागला.

हा केवळ माझ्या दैवाचा भाग नव्हे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला. गांवांतलींच शिकविलेलीं माणसें घरोघर जाऊन मनाच्या आजाराविषयीं बोलत, दुःखितांचें ऐकून घेत, व गरज असेल त्यास डॉक्टरांकडे पोंचवीत. डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केले. आरंभीं नैराश्यानें पीडित अशा शंभरांपैकीं अवघे ४ मदत घेत होते. १८ महिन्यांनंतर ती संख्या २७ झाली. मनुष्याचा संकोच ओळखीच्या दारांत लवकर गळतो, एवढेंच यांतून घ्यावयाचें.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यानें या बाबतींत फार सोसलें आहे. १९ मार्च १९८६ रोजीं महागांव तालुक्यांतील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांच्या सहा जणांच्या कुटुंबाचा अंत झाला. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून त्या तिथीस अनेक लोक उपवास करीत आले आहेत. सहानुभूतीच्या शब्दांनीं कर्ज फिटत नाहीं, कीं कापसाला भाव येत नाहीं. तें काम राज्यकर्त्यांच्या धोरणाचें आहे. परंतु धोरण बदलेपर्यंतची रात्र निभावण्यास कोणीतरी जवळचें लागतें. आणि हें शेतकऱ्यांच्याच घरचें दुखणें आहे, अशी पांढरपेशांनीं स्वतःची समजूत करून घेऊं नये. मीही तीच करून घेतली होती.

पंचतंत्रांतील ‘मित्रसंप्राप्ति’ मीं किती वेळां शिकविली असेल! चित्रग्रीव आपल्या थव्यासह जाळें घेऊन उडाला, यांतील एकजुटीचेंच मी कौतुक करीत असें. पण उडाल्यानें जाळें तुटलें नाहीं. त्यासाठीं त्या कपोतराजाला हिरण्यक उंदराच्या बिळापाशीं उतरून, ‘मी बांधला गेलों आहें’ असें सांगावें लागलें. आपलीं एकत्र कुटुंबें अशींच आहेत. सगळीं मिळून संकटासह उडतात खरीं. परंतु जाळें कुरतडावयास कोणाला तरी हांक मारावी लागते, आणि तो मित्र पुष्कळदां लहानसाच असतो.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति : घरांत कोणी अबोल झालें, कोणाची झोप किंवा जेवण तुटलें, तर ‘होईल बरें’ म्हणून स्वस्थ बसूं नका. जवळ बसा, विचारा आणि ऐका. गांवच्या आशाताईस परकी मानूं नका. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनि-सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनाशुल्क व मराठींतूनही बोलतां येतें. आमच्या घरीं तो क्रमांक सूनबाईनें दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारीं, लिहून ठेविला आहे. आपणही आजच लिहून ठेवावा. आणि ज्याच्या मनांत हें सारें आज चाललें असेल, त्यास माझें सांगणें असें कीं, बाबा रे, गांवाला वळसा घालूं नकोस. शेजारच्या दाराची कडी वाजव.