घरी पोहोचवलं, पुढे काय?

दादर, कल्याण, कुर्ला टर्मिनस. लांब पल्ल्याच्या गाडीतून एकटंच उतरलेलं दहा-बारा वर्षांचं पोर रेल्वे पोलिसांनी हेरलं, की पहिला प्रश्न ठरलेला: नाव काय, गाव कुठलं? पुष्कळ मुलं खोटं सांगतात. खरा पत्ता दिला की परत त्याच घरी जावं लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आपण मात्र 'मुंबई बघायला आला असेल' म्हणून मोकळे होतो. पाठीवरचे पट्ट्याचे वळ पाहिले, तरी 'आईबाप मारणारच की' म्हणतो.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत तीनपैकी दोन मुलांनी मार सोसल्याचं आढळलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. मार खाणारं प्रत्येक मूल पळत नाही. पण पळालेल्याला विचारा, बापाची दारू, सावत्रपणा, नापासाचा निकाल यांच्या मागे बहुतेकदा मारच निघतो.

सापडलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. मग पालक येतात, हमीपत्रावर सही करतात, मूल त्यांच्या स्वाधीन होतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ मुलाला कुटुंबात परत न्यायलाच सांगतो, पण ते त्याच्या हिताचं नसेल तर नाही, हेही त्यातच लिहिलंय. कलम ७५ खाली मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्या पालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी गृहचौकशी घाईत उरकली जाते, ती का? मुलाशी पालकांच्या माघारी बोलायला हवं. शेजारी, वर्गशिक्षक यांना विचारायला हवं. आजी किंवा मावशी सांभाळायला तयार असेल, तर तो पर्याय आधी तपासायला हवा.

कारण दुसऱ्यांदा पळालेलं मूल सहजी सापडत नाही. पोलीस कुठल्या फलाटावर असतात, हे त्याला कळलेलं असतं. ते पुलाखाली राहतं, सोल्यूशन हुंगायला शिकतं, आणि अठरा पूर्ण झाली की मुलांसाठीच्या बहुतेक योजनांतूनही बाहेर पडतं. ना आधार कार्ड, ना शाळेचा दाखला. फुटपाथवरच्या ज्या तरुणाला आपण 'गर्दुल्ला' म्हणून हाकलतो, तो बऱ्याचदा हाच.

किती मुलं घरी पोहोचवली, याचा आकडा रेल्वे आणि बालविकास खातं अभिमानाने देतं. यापुढे पत्रकारांनी आणि आमदारांनी आणखी एक आकडा मागावा: त्यातली किती मुलं सहा महिन्यांनंतरही घरीच होती, आणि ते बघायला कोण गेलं होतं?